हवा काढून घेतल्यावर

रॉकेटच्या वरच्या टप्प्याचे इंजिन जिथे काम करणार असते तिथे हवा नसते. ते जिथे घडवले आणि तपासले जाते तिथे मात्र हवा भरपूर असते. या विसंगतीतून अंतराळ तंत्रज्ञानातला एक खर्चिक प्रश्न उभा राहतो. जमिनीवर कृत्रिम अंतराळ उभारून त्यात इंजिन पेटवून बघायचे का, आणि बघायचे तर त्यासाठी किती पैसा घालायचा? अमेरिकेने साठच्या दशकात ओहायो राज्यातल्या सँडस्कीजवळ, प्लम ब्रूक येथे, असे एक भव्य केंद्र बांधले. जर्मनीत लॅम्पोल्ड्सहाउसेनला, जपानमध्ये काकुदाला आणि आपल्याकडे तमिळनाडूतल्या महेंद्रगिरीला अशाच सोयी उभ्या राहिल्या. अलीकडे मात्र त्यांच्या गरजेबद्दलच शंका घेतली जाऊ लागली आहे. संगणकावरची गणिते पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारली आहेत, स्पेसएक्ससारखी कंपनी या मार्गाला न लागता शेकडो उड्डाणे करून बसली आहे, आणि खुद्द इस्रोने आपल्या क्रायोजेनिक इंजिनाची चाचणी उघड्या हवेत घेण्याचा उपाय शोधला आहे. या सगळ्याचा आढावा घेतल्यावर माझे मत असे झाले आहे की निर्वात चाचणीची गरज तसूभरही कमी झालेली नाही. मात्र तिचा मुख्य उपयोग कोणता, हे आपण चुकीचे धरून चाललो आहोत. इंजिन किती जोर देते हे मोजणे हा तिचा दुय्यम लाभ. हवा जे दोष झाकून ठेवते ते उघडे पाडणे हे तिचे खरे काम, आणि पैसा कुठे घालायचा हेही त्यावरूनच ठरायला हवे.

हवेची अडचण नोझलपासून सुरू होते. ज्वलनकक्षातला तप्त वायू नोझलमधून पसरत बाहेर पडतो आणि पसरता पसरता वेग घेतो. बाहेर निर्वात असेल तर त्याला पसरू द्यावे तितके थोडेच, म्हणून वरच्या टप्प्यांच्या इंजिनांना मोठ्या घेराची नोझल लावतात. इस्रोच्या एलव्हीएम-३ रॉकेटच्या सीई-२० इंजिनात नोझलच्या तोंडाचे क्षेत्रफळ गळ्याच्या शंभरपट आहे. तोंडाशी येईपर्यंत वायूचा दाब सुमारे ५० मिलिबारपर्यंत उतरलेला असतो; समुद्रसपाटीवर हवेचा दाब त्याच्या वीसपट. असे इंजिन उघड्यावर पेटवले तर बाहेरची हवा नोझलच्या कडेने आत शिरते, वायूचा झोत भिंतीपासून मध्येच सुटतो, आणि तो कुठे सुटेल याची जागाही स्थिर राहत नाही. नोझलला आडवे हिसके बसतात, झोत सुटतो त्या रेषेवर भिंत भाजते, आणि पातळ भिंतीची नोझल मोडूही शकते. म्हणजे इथे हवा चांगल्या इंजिनाला वाईट ठरवते. निर्वात चाचणीच्या समर्थनार्थ हेच कारण नेहमी पुढे केले जाते. पण हवा वाईट इंजिनाला चांगलेही ठरवू शकते. हा धोका कितीतरी मोठा आहे, कारण पहिल्या प्रकारात निदान काही तरी बिघडल्याचे समोर दिसते.

ही सोय चालते कशी, हे प्लम ब्रूकच्या बी-२ केंद्रावरून नीट कळते. बंद कक्षातली हवा पंपाने उपसणे तुलनेने सोपे. खरा पेच इंजिन पेटल्यावर पडतो. प्रत्येक सेकंदाला किलोंच्या हिशेबाने वायू ओतणारे यंत्र निर्वातात ठेवले तर तो निर्वात टिकायचा कसा? बी-२ चा कक्ष स्टेनलेस स्टीलचा, सुमारे ११.६ मीटर व्यासाचा आणि १८.९ मीटर उंच आहे. आतल्या भिंतींमधून द्रवरूप नायट्रोजन फिरवून त्या उणे १९६ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करतात, आणि उन्हाची बाजू दाखवण्यासाठी क्वार्ट्झचे दिवे लावतात. रॉकेटचा संपूर्ण टप्पा त्यात उभा राहतो. इंजिनाचे तोंड खाली पाण्याने थंड ठेवलेल्या एका रुंद नळकांड्यात, म्हणजे डिफ्यूझरमध्ये उघडते, आणि ते नळकांडे जमिनीखालच्या प्रचंड काँक्रीट टाकीत उतरते. तिथे वायूवर पाण्याचे फवारे सोडले जातात. हायड्रोजन-ऑक्सिजनच्या ज्वलनातून निघालेली वाफ निवून पाणी होते, आणि उरलेला वायू वाफेच्या झोतावर चालणारे इजेक्टर बाहेर खेचतात. डिफ्यूझरची रचना अशी की इंजिनाचा झोत पूर्ण जोरात असताना तोच कक्षातला उरलासुरला वायू आपल्याबरोबर ओढून नेतो. इंजिन स्वतःच स्वतःचा निर्वात राखते. नाजूक क्षण दोन, पेटण्याचा आणि विझण्याचा. झोत पुरेसा जोराचा नसतो तेव्हा खालचा वायू उलटा कक्षात घुसू पाहतो, आणि त्या वेळी सगळी भिस्त इजेक्टरांवर असते.

१९६९ मध्ये इथे सेंटॉर हा हायड्रोजनवर चालणारा टप्पा पहिल्यांदा पेटवला गेला. पुढे टायटन रॉकेटवर बसून याच सेंटॉरने व्हायकिंग आणि व्हॉयेजर यानांना त्यांच्या वाटेला लावले. बी-२ चे वेगळेपण ज्वालेइतकेच ज्वालेआधीच्या तासांत आहे. इंधनाने भरलेला टप्पा निर्वातात आणि गारठ्यात ताटकळत उभा असतो. त्या वेळात झडपांच्या सीलचे रबर आकसते, धातूचे जोड वेगवेगळ्या प्रमाणात आखडतात, टाकीतला हायड्रोजन हळूहळू उकळत राहतो. मग इंजिनाला पेटण्याची आज्ञा मिळते. उघड्या मंचावर हा सगळा काळ गाळलेला असतो.

हवा दोष झाकते म्हणजे नेमके काय करते, याचा इतिहासातला सर्वांत ठळक दाखला अपोलो-६ चा आहे. ४ एप्रिल १९६८ रोजी निघालेले हे सॅटर्न-५ चे दुसरे, मानवरहित उड्डाण. दुसऱ्या टप्प्यातल्या पाच जे-२ इंजिनांपैकी एक बिघडून बंद पडले. तारांची जोडणी उलटसुलट झालेली असल्याने त्याच्याबरोबर एक चांगले इंजिनही बंद झाले. तिसऱ्या टप्प्याचे एकुलते जे-२ इंजिन कक्षेत पोचल्यावर पुन्हा पेटलेच नाही. चंद्राकडे जायचे तर हेच पुनःप्रज्वलन हवे होते. शोध घेतल्यावर संशय इंजिनाच्या प्रज्वलकाला द्रव हायड्रोजन पुरवणाऱ्या एका बारीक नळीवर आला. नळीला लवचिकपणा यावा म्हणून तिच्यात वळ्यांचा एक भाग होता आणि त्यावर धातूच्या तारांचे विणकाम. जमिनीवर या नळ्या कितीही जोराने प्रवाह सोडला तरी तग धरत होत्या. त्याच नळ्या निर्वात कक्षात लावून तसाच प्रवाह सोडला तेव्हा वळ्या थरथरू लागल्या आणि नळ्या तुटल्या. कारण उलगडले ते असे : द्रव हायड्रोजनच्या थंडीने बाहेरची हवाच त्या विणकामात द्रवरूप होऊन साचत होती, आणि वाजत्या झांजेवर हात ठेवावा तशी कंप दाबून टाकत होती. अंतराळात तो हात नव्हता. वळ्यांचा भाग काढून तिथे वाकवलेली साधी नळी बसवण्यात आली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, सॅटर्न-५ च्या तिसऱ्याच उड्डाणात, अपोलो-८ तीन माणसांना घेऊन चंद्राभोवती फिरून आले.

ही घटना मला इतकी मोलाची वाटते ती एका तपशिलामुळे. दोष सापडला तो अजस्र चाचणीकेंद्रात अख्खे इंजिन पेटवून नव्हे, तर एका सुट्या नळीला निर्वातात ठेवून. हवा तिथे काय करत होती, हे कोणत्याही आराखड्यात लिहिलेले नव्हते. संगणक कितीही ताकदीचा असला तरी त्याला दिलेल्या गणितात जी भौतिक घटना कोणी धरलीच नाही ती तो शोधून काढत नाही. सिम्युलेशनवर भिस्त ठेवणाऱ्यांचे म्हणणे असते की आजची प्रतिरूपे १९६८ च्या मानाने कुठल्या कुठे गेली आहेत. ते खरेच आहे, आणि ज्ञात घटनांसाठी पुरेसेही आहे. अज्ञाताचा शोध घ्यायचा तर मात्र परिस्थितीच बदलून बघावी लागते.

साठच्या दशकातले उदाहरण जुने वाटत असेल तर ११ डिसेंबर २००२ चे बघावे. युरोपच्या एरियान-५ रॉकेटच्या अधिक ताकदीच्या नव्या आवृत्तीचे ते पहिले उड्डाण होते. मुख्य टप्प्याच्या व्हल्कॅन-२ इंजिनाच्या नोझलभोवती थंडाव्यासाठी बसवलेल्या नळ्यांना चिरा पडल्या, नोझल तापून वेडीवाकडी झाली, आणि रॉकेट हॉट बर्ड-७ व स्टेंटॉर या दोन उपग्रहांसह नष्ट करावे लागले. हे इंजिन जमिनीवरच पेटते, पण रॉकेट चढत जाते तशी भोवतालची हवा विरळ होते आणि नोझलच्या भिंतीवरचा भार पालटतो : खाली असताना बाहेरून रेटणारी हवा वर गेल्यावर नाहीशी होते, आणि आतल्या दाबाला भिंत एकटीच तोंड देते. चौकशी मंडळाने उड्डाणात येणाऱ्या भारांची कल्पना अपुरी होती आणि ते जमिनीवर निर्माण करणे अवघड होते, या दोन्ही गोष्टींकडे बोट दाखवले. नंतर लॅम्पोल्ड्सहाउसेनला नोझलवर तसा भार आणणारे साधन उभारून सुधारित नोझल तपासली गेली. रॉकेटची ही आवृत्ती पुन्हा उडाली ती फेब्रुवारी २००५ मध्ये. चाचणीवरचा खर्च वाचला की कुठे भरून द्यावा लागतो, याचा हिशेब या दोन वर्षांत मांडलेला आहे.

प्रज्वलनाची गोष्ट आणखी निराळी. रिकाम्या, निर्वात ज्वलनकक्षात द्रव ऑक्सिजन शिरला की तो तत्क्षणी उकळतो, उकळताना स्वतःच थंड होतो, आणि दाब फार कमी असेल तर त्याचे कणही गोठू शकतात. दोन द्रव्यांचे प्रमाण दर क्षणाला बदलत असते. ठिणगी वेळेत पडली नाही तर साचलेले मिश्रण एकदम भडकते आणि इंजिनाला तडाखा देते. समुद्रसपाटीवर कक्षात आधीपासून एक वातावरणाचा दाब असतो, म्हणून हे नाट्य तिथे घडतच नाही. १५ एप्रिल २०१० रोजी भारतीय बनावटीच्या क्रायोजेनिक टप्प्याचे पहिले उड्डाण, जीएसएलव्ही-डी३, अपयशी ठरले. इंजिन पेटल्यावर हायड्रोजनचा बूस्टर टर्बोपंप थांबला होता. या अपयशाचे खापर निर्वातावर फोडता येणार नाही. पण इस्रोने पुढच्या तयारीत पंपाच्या फेररचनेबरोबर महेंद्रगिरीच्या उच्च-उंची चाचणी केंद्रात प्रज्वलनाचा क्रम तपासून घेतला, आणि ५ जानेवारी २०१४ रोजी डी५ यशस्वी झाले. गगनयानासाठी सीई-२० ला मानवी उड्डाणयोग्य ठरवतानाही हीच दिशा दिसते. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी पूर्ण झालेल्या त्या कार्यक्रमात चार इंजिनांवर ३९ चाचण्या झाल्या, एकूण ८,८१० सेकंद इंजिने चालली, किमान अट ६,३५० सेकंदांची होती. आणि त्यातली शेवटची चाचणी होती निर्वातातल्या प्रज्वलनांच्या मालिकेतली सातवी.

आता आक्षेपांकडे. सर्वांत वजनदार आक्षेप स्पेसएक्सच्या यशाचा आहे. ही कंपनी वरच्या टप्प्याचे मर्लिन इंजिन टेक्सासमध्ये नोझलचा लांबलचक पुढचा भाग काढून उघड्यावर पेटवते, आणि बाकीचे उड्डाणातून शिकते. फाल्कन-९ चा लौकिक बघता या मार्गाला नावे ठेवणे कठीण आहे. पण तो मार्ग चालतो तो उड्डाणे आठवड्याला अनेक होतात म्हणून, आणि त्यांतली पुष्कळशी कंपनीच्या स्वतःच्या उपग्रहांची असतात म्हणून. जुलै २०२४ मध्ये वरच्या टप्प्यात, दाब मोजणाऱ्या एका बारीक नळीला कंपनाने चीर पडली, द्रव ऑक्सिजन गळला, पुनःप्रज्वलन बिघडले आणि वीस स्टारलिंक उपग्रह गमावले गेले. कंपनी दोन आठवड्यांत पुन्हा उडाली. वर्षाला मोजकी उड्डाणे करणाऱ्या आणि प्रत्येक वेळी एकमेव उपग्रह नेणाऱ्या संस्थेला हे परवडत नाही. शिवाय याच कंपनीने माणसे नेणारे क्रू ड्रॅगन यान २०१८ मध्ये निर्वात आणि तापमानाच्या चाचणीसाठी प्लम ब्रूकलाच नेले होते, हे विसरून चालणार नाही.

दुसरा आक्षेप घरचा आहे. २९ नोव्हेंबर २०२४ रोजी इस्रोने सीई-२० ची शंभरपट नोझलसह समुद्रसपाटीच्या दाबात चाचणी घेतली. नोझलला संरक्षण देणारी खास यंत्रणा त्यासाठी बसवली होती. उड्डाणाआधी प्रत्येक इंजिनाची जी स्वीकृती चाचणी होते तिच्यातली गुंतागुंत आणि खर्च यामुळे कमी होईल. मी या प्रयोगाला विरोधी पुरावा मानत नाही. उलट तो माझ्याच म्हणण्याला बळ देतो. प्रत्येक इंजिन ठरल्याप्रमाणे बनले आहे का, हे बघायला निर्वाताची गरज नसेल तर निर्वात केंद्राचे मौल्यवान दिवस त्यात कशाला घालवायचे? ते नव्या रचनांसाठी आणि नव्या प्रज्वलनक्रमांसाठी मोकळे होतात. ७ फेब्रुवारी २०२५ रोजी महेंद्रगिरीला निर्वातात सीई-२० चा नवा बहुघटकी प्रज्वलक तपासला गेला, इंजिन अंतराळात पुन्हा पेटवता यावे यासाठी. कामाची विभागणी अशीच असायला हवी.

निर्वात कक्षाला मर्यादा आहेत, आणि समर्थकांनी त्या झाकू नयेत. तो प्रत्येक इंजिनातला घडणीचा दोष पकडत नाही. अमेरिकेच्या डेल्टा-३ रॉकेटचा वरचा टप्पा १९९८ मध्ये बी-२ मध्ये पेटवून पाहिला होता; मे १९९९ मध्ये उड्डाणातल्या इंजिनाचा ज्वलनकक्ष झाळकामातल्या दोषाने फाटला. त्याहून मूलभूत गोष्ट म्हणजे तो गुरुत्वाकर्षण घालवू शकत नाही. ९ जुलै २०२४ च्या एरियान-६ च्या पहिल्या उड्डाणात टाक्यांचा दाब राखणारे सहायक यंत्र पुन्हा सुरू होताना बंद पडले आणि वरच्या टप्प्याच्या विंची इंजिनाचे शेवटचे प्रज्वलन करता आले नाही. वजनरहित अवस्थेत द्रव कुठे तरंगतो, बुडबुडे कुठे अडकतात, हे जमिनीवरच्या कुठल्याच कक्षात दाखवता येत नाही. त्यासाठी उड्डाणच लागते. मार्च २०२५ च्या दुसऱ्या उड्डाणात ते प्रज्वलन नीट पार पडले. पण एक गोष्ट तपासता येत नाही म्हणून दुसरी तपासू नये, हा युक्तिवाद टिकत नाही. उलट हवेमुळे झाकले जाणारे दोष जमिनीवरच निपटले गेले असतील तर उड्डाणात काही बिघडल्यावर शोधाचे वर्तुळ लहान राहते.

खर्चाचा आक्षेप मात्र मी पूर्ण मान्य करतो, कारण त्याला धडधडीत उदाहरण आहे. नासाने २००७ मध्ये मिसिसिपीतल्या स्टेनिस केंद्रावर ए-३ हा प्रचंड मंच उभारायला घेतला. जे-२एक्स या एकाच नव्या इंजिनासाठी तो बेतलेला होता. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि द्रव ऑक्सिजन जाळून वाफ करणारी २७ जनित्रे त्याला लावायची होती. २०१० मध्ये ते इंजिन ज्या कार्यक्रमासाठी होते तो कार्यक्रमच रद्द झाला. तरीही अमेरिकी संसदेने काम पूर्ण करण्याची अट घातली, सुमारे ३५ कोटी डॉलर खर्चून २०१४ मध्ये मंच पुरा झाला आणि लगेच बंद करून ठेवला गेला. पुढे रॉकेट लॅब कंपनीने तो परिसर भाड्याने घेऊन आपल्या आर्किमिडीज इंजिनाच्या चाचण्या सुरू केल्या, पण ज्या निर्वातासाठी एवढा पैसा ओतला त्याचा मूळ हेतू बाजूलाच राहिला. याउलट बी-२ बघा. १९९८ नंतर तिथे कित्येक वर्षे इंजिन पेटले नाही, तरी कक्ष निकामी झाला नाही. २०१९-२० मध्ये तिथे चार मीटर व्यासाच्या टाकीवर, थंड हायड्रोजन अंतराळात उकळून जाऊ नये म्हणून लपेटायच्या आवरणांचे प्रयोग झाले. फरक रचनेतला आहे. ए-३ एका इंजिनाच्या मापाने शिवला होता. बी-२ मध्ये कक्ष, थंड भिंती, दिवे आणि निर्वात या वेगवेगळ्या सोयी आहेत, आणि इंजिन न पेटवताही त्या कामाला येतात.

भारतापुढे आज हा प्रश्न तातडीचा आहे. चांद्रयान-४ आणि नव्या पिढीचे प्रक्षेपक या दोन्ही प्रकल्पांना सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. अंतराळ स्थानकाची तयारी चालू आहे. आजवर आपल्या मोठ्या क्रायोजेनिक इंजिनांना बहुतेक वेळा एकदाच पेटून काम संपवायचे असे. पुढच्या मोहिमांमध्ये ती विझवून, थांबून, पुन्हा पेटवावी लागतील. मंगळयानाचे ४४० न्यूटनचे छोटे इंजिन जवळजवळ तीनशे दिवस निद्रिस्त राहून २२ सप्टेंबर २०१४ रोजी काही सेकंदांसाठी पेटवून पाहिले गेले आणि दोन दिवसांनी त्याने यान मंगळाच्या कक्षेत नेले. पण ते खोलीच्या तापमानाला साठवता येणाऱ्या द्रव्यांवर चालणारे आणि आपसूक पेटणारे इंजिन होते. हायड्रोजनची तासन्तास साठवण आणि मग पुनःप्रज्वलन हे सर्वस्वी वेगळे आव्हान आहे.

म्हणून महेंद्रगिरीत गुंतवणूक वाढवताना एखाद्या विशिष्ट इंजिनासाठी अवाढव्य नवा मंच बांधण्यापेक्षा तीन गोष्टींना अग्रक्रम द्यावा असे मला वाटते. इंधनाने भरलेला टप्पा निर्वातात आणि थंडीत कित्येक तास ठेवून मग पेटवता येईल, अशी टप्पापातळीची सोय ही पहिली. नळ्या, झडपा, प्रज्वलक यांसारखे सुटे भाग खऱ्या प्रवाहासह आणि कंपनासह तपासणारे लहान निर्वात कक्ष ही दुसरी. हे कक्ष महेंद्रगिरीतच असले पाहिजेत असे नाही. आपल्या इंजिनांचे भाग मुंबईत विक्रोळीच्या गोदरेजसारख्या कारखान्यांत घडतात, आणि जे-२ ची नळी ज्या प्रकारच्या कक्षात तुटली तो कक्ष कारखान्याच्या आवारातही मावतो. तिसरी गोष्ट माणसांची. इजेक्टर, वाफेचे साठे, नायट्रोजनच्या भिंती या यंत्रणा वापरात नसल्या की गंजतात, आणि त्या चालवण्याचे कसब त्याहून लवकर विरते. इन-स्पेस या सरकारी संस्थेने खासगी कंपन्यांना इस्रोच्या सोयी वापरण्याची वाट उघडली आहे. निर्वात केंद्रालाही त्या यादीत ठळक जागा मिळाली आणि शुल्क लहान कंपनीच्या आवाक्यात राहिले, तर दोन मोहिमांच्या मधल्या महिन्यांतही तिथले पंप फिरते राहतील, आणि नव्या इंजिनाचा रचनाकार पहिल्या उड्डाणाची वाट न बघता आपला प्रज्वलक तिथे घेऊन जाऊ शकेल.